संपादकीय : दोन निवेदनं नको, एकच ठराव करा



होळीच्या आधी पाड्यावरच्या म्हाताऱ्या मंडळींनी मला बोलावलं. "तू बारावी शिकला, निवेदन लिहून दे." गोष्टी दोन होत्या. आपल्या ढोलवाल्या बाबांना सरकारी मानधन मिळावं, ही एक. आणि जंगलाच्या कडेला जिथं आपण होळी पेटवतो, तिथं खालच्या गावचा ट्रॅक्टर कचरा ओतून जातो, तो बंद व्हावा, ही दुसरी. मी दोन कागद केले, दोन कचेऱ्यांत दिले. पोच मिळाली, शिक्का मिळाला. काम मात्र झालं नाही. इकडे म्हणतात कचरा आमच्याकडे नाही, तिकडे म्हणतात कला आमच्याकडे नाही.

आता वाटतं, चूक माझी पण होती. विषय एकच आहे. होळीची जागा उकिरडा झाली तर ढोल, थाळी, बासरी घेऊन पोरं नाचतील कुठं?

कायदा पण हे एकत्रच धरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ वाचा. आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला धोका पोचवणारं काम रोखायचा अधिकार तिथं ग्रामसभेला दिला आहे. कलम ३(२) मध्ये गावाच्या १३ सोयी लिहिल्या आहेत. ग्रामसभेची शिफारस असेल तर त्यांच्यासाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. त्यात शाळा आहे, अंगणवाडी आहे, रस्ता आहे, समाजकेंद्र पण आहे. कचरा डेपो त्यात नाही. म्हणजे पोरांना ढोल शिकवायला समाजकेंद्र मागायची वाट या कलमात आहे, कचरा टाकायची नाही. मुक्ताईनगर तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा इथं लागत नाही. पण वनहक्क कायदा लागतो, हे कोणी साहेब विसरला तर त्याला आठवण द्या.

आता मानधनाचं. वयोवृद्ध कलावंतांची योजना आहे. अर्जाला कलेचा पुरावा मागतात. आपल्या बाबाचं नाव कधी पेपरात आलं नाही, त्याला कोणी सर्टिफिकेट दिलं नाही. त्यानं आयुष्यभर होळीत आणि लग्नात वाजवलं. वनहक्काच्या नियम १३ मध्ये गावच्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. जमिनीला जो जबाब चालतो, तो ढोलाला का नाही? आपली मागणी ही आहे.

कचऱ्याबद्दल आपल्याकडे पण बघू. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे, तरी आपल्याच लग्नाच्या पंगतीत ती दिसतात. पळसाची पानं दारात पडलेली असतात. पत्रावळ लावणाऱ्या आजीचा हात ही पण कलाच आहे. पत्रावळ गुरं खातात, नाहीतर तिचं खत होतं. थर्माकोल नाल्यातून पूर्णेत जातं. दुसऱ्याचा ट्रॅक्टर अडवायचा तर आधी आपली पंगत सुधरायला पाहिजे.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. तिथल्या लोकांनी उजाड जंगल राखून वाढवलं, आणि त्याच जंगलाच्या जोरावर तिथं रानभाज्यांची स्पर्धा भरते. जंगल साफ राहिलं म्हणून बायांचं ज्ञान पण राहिलं.

तर आता काय करायचं? ग्रामसभा बोलवा. निम्मे सभासद पाहिजेत, हजर लोकांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. एकाच ठरावात लिहा :

१. होळीची आणि देवाची जागा सामूहिक वनहक्काच्या दाव्यात नकाशासह घ्यावी.
२. ग्रामसभेला विचारल्याशिवाय कचऱ्याची जागा ठरवू नये. प्रत्येक गावानं ओला-सुका कचरा आपल्याच हद्दीत वेगळा करावा.
३. मानधनाला म्हाताऱ्यांचा जबाब पुरावा धरावा.
४. आश्रमशाळेत आणि सरकारी कार्यक्रमात पळसाच्या पत्रावळी विकत घ्याव्यात.

एक प्रत तहसीलला, एक वनखात्याला, एक यावलच्या प्रकल्प कार्यालयाला द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोचेचा नंबर बुलेटिनला कळवा, पुढच्या अंकात गावाच्या नावासह छापू. पुढची होळी आपण त्याच जागेवर पेटवणार आहोत.

आमु आखा एक से!