ईश्वरकृपेचे राज्य आणि धम्माचा मार्ग

नेदरलँड्समध्ये आजही कायद्याचा आरंभ ‘ईश्वरकृपेने नेदरलँड्सचा राजा’ या बिरुदाने होतो. रॉटरडॅममधील आपली बौद्ध कुटुंबे या शब्दांकडे दरबारी उपचार म्हणून दुर्लक्ष करतात. परंतु त्यांच्यामागे एक संपूर्ण विचारसरणी उभी आहे : राजाला सिंहासन कृपेने लाभते आणि पाप्याला मोक्षही कृपेनेच लाभतो.

वास्तविक याच भूमीने २६ जुलै १५८१ रोजी स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजास पदच्युत केले. प्रजा राजासाठी नसून राजा प्रजेसाठी असतो, हा त्या जाहीरनाम्याचा युक्तिवाद होता. मात्र अवघ्या सदतीस वर्षांनी, १६१८-१९ साली, शेजारच्या डोर्ड्रेख्त येथील धर्मसभेने स्वर्गातील अनियंत्रित राजाला मान्यता दिली. कोण तरणार हे ईश्वराने सृष्टीपूर्वीच ठरविले आहे. माणसाची श्रद्धा वा सत्कृत्ये पाहून ही निवड झालेली नाही, असा तिचा निर्णय! त्यास विरोध करणाऱ्या आर्मिनियसपंथीय धर्मोपदेशकांना पदे गमवावी लागली. त्यांचा पक्ष घेणारे रॉटरडॅम नगराचे विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस यांना १६१९ मध्ये जन्मठेप झाली. याच नगरीच्या इरॅस्मसने १५२४ मध्येच ल्यूथरविरुद्ध मानवी इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली होती, हे येथे स्मरावे.

जन्मापूर्वीच लागलेला निकाल म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

आपले ख्रिस्ती स्नेही म्हणतील, कृपेने अहंकार गळतो. शिवाय सर्वच ख्रिस्ती पंथ डोर्ड्रेख्तचा निर्णय मानीत नाहीत, हेही खरे. पण कृपा म्हणजे अखेर देणाऱ्याची मर्जी, आणि मर्जीविरुद्ध दाद मागता येत नाही. हक्क मागता येतो. कृपेची याचनाच करावी लागते. म्हणूनच १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करण्याची ह. वि. कामत यांची सूचना ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली, याचे मोल मोठे आहे. आपली उद्देशिका लोकांच्या नावाने सुरू होते.

वैद्य रोग्याला ‘तू निवडलेला आहेस काय?’ असे विचारीत नाही. तो रोगाचे कारण शोधतो, उपचार सांगतो. पथ्य मात्र रोग्यानेच पाळावयाचे असते. तथागतांची रीत हीच. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धांना मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे.

तेव्हा बंधुभगिनींनो, येथील ख्रिस्ती शाळेत शिकणारे आपले मूल ‘आपला तारणहार कोण?’ असे विचारील, तेव्हा येशूच्या जागी बुद्धांचे वा बाबासाहेबांचे नाव सांगून मोकळे होऊ नका. बुद्धमूर्तीपुढे परीक्षेच्या यशासाठी हात जोडले जात असतील, तर आपण केवळ राजा बदलला. सिंहासन तसेच राहिले. मुलाला निःसंकोच सांगा : तारणहार कोणी नाही. मार्ग आहे, आणि चालण्यास तुझे पाय समर्थ आहेत.

जय भीम!