विलायतेचे अंगण आणि बुधपुऱ्याची फुप्फुसे

इंग्लंडमधील एखादा सुखवस्तू गृहस्थ घरापुढे मोटार उभी करण्यासाठी फरसबंदी करावयाचे ठरवितो, तेव्हा ठेकेदार त्याच्यापुढे तपशीलवार अंदाजपत्रक ठेवतो. जमीन वीतभर खोल खणणे, निघालेली माती वाहून नेणे, खडीचा थर अंथरून यांत्रिक धुमसाने दाबणे, कडेला काँक्रीटचा आधार, मग ठोकळे, ठोकळ्यांच्या फटी बुजविणे, मजुरी, आणि सर्वांच्या शेवटी २० टक्के मूल्यवर्धित कर. पावसाच्या पाण्याचाही विचार त्यात असतो. १ ऑक्टोबर २००८ पासून इंग्लंडमध्ये घरापुढील ५ चौरस मीटरहून अधिक जागा पाणी न मुरणाऱ्या फरशीने झाकून ते पाणी रस्त्यावर सोडावयाचे असेल, तर आधी परवानगी घ्यावी लागते. गटारावर पडणाऱ्या भाराची काळजी वाहणारा हा नियम वाईट आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु गटाराचा हिशोब ठेवणाऱ्या या कागदावर दगड फोडणाऱ्याच्या फुप्फुसाचा रकाना कोठे आहे?

काँक्रीटऐवजी ‘नैसर्गिक दगड’ पसंत केला गेला, तर तो पुष्कळदा राजस्थानचा वालुकाश्म असतो. दहा सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद असा ठोकळा धरला, तर पन्नास चौरस मीटरच्या अंगणाला असे चार हजारांवर ठोकळे लागतात. बुंदी जिल्ह्यातील बुधपुरा आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांत ते घडविले जातात. खाणीतून मोठ्या लाद्या काढून झाल्यावर जो टाकाऊ दगड उरतो, त्याच्या ढिगाऱ्यांवर आणि घरांच्या अंगणात बसून माणसे हातोडी-छिन्नीने तो फोडतात. मजुरी नगावर. ती पुरत नाही म्हणून बायका बसतात, मुलेही बसतात. २००५ साली नेदरलँड्समधील ‘इंडिया कमिटी’ या संस्थेने बुधपुऱ्यावर अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा युरोपातील ग्राहकाला आपल्या पायाखालच्या दगडाचा पत्ता कळला.

वालुकाश्म म्हणजे बहुतांशी सिलिका. तो कोरडा फोडला की डोळ्यांना न दिसणारी धूळ श्वासावाटे फुप्फुसात उतरते आणि तेथे कायमची घर करते. सिलिकोसिस बरा होत नाही. तो टाळता मात्र येतो. टाळण्याची रीत भांडवलदारांना ठाऊक नाही असेही नाही. ब्रिटनने सिलिकोसिसग्रस्त कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९१८ साली, म्हणजे हिंदुस्थान त्याच्या टाचेखाली असतानाच, केला होता. आज त्याच देशात हवेतील या धुळीची कमाल मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि फरसबंदी करणारा कामगार यंत्राने ठोकळा कापतो तेव्हा धूळ दाबण्यासाठी पात्यावर पाण्याची धार सोडणे अपेक्षित असते. दगड तोच. कापणारी फुप्फुसेही माणसाचीच. फरक एवढाच, की एका ठिकाणी कामगार वर्गाने लढून कायदा मिळविला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दगड स्वस्त राहण्याचे कारणच मुळी कायद्याचा अभाव हे आहे.

निर्यातदारांचा युक्तिवाद ठरलेला आहे: खर्च वाढला तर मागणी दुसऱ्या देशाकडे जाईल आणि मजुरांचीच चूल विझेल. गिरणीमालकांपासून चहामळेवाल्यांपर्यंत प्रत्येकाने आपापल्या काळी हेच सांगितले आहे. पाण्याचा फवारा, तोंडावरील योग्य मुखपट्टी आणि वर्षातून एकदा छातीची क्ष-किरण तपासणी यांनी ज्याचा धंदा बुडतो, तो धंदा कोणाच्या जिवावर चालला होता हे त्याने स्वतःच कबूल केले म्हणावयाचे!

दुसरा युक्तिवाद अधिक सभ्य आहे, म्हणून अधिक घातक. युरोपीय व्यापारी ‘बालमजुरीमुक्त’ प्रमाणपत्राची भाषा बोलू लागले आहेत. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याने ३ कोटी ६० लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना वार्षिक निवेदन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. निवेदन करावयाचे, धूळ कमी करावयाची नाही! निर्यातदाराच्या आवारात तपासणी होते. ठोकळा मात्र झोपडीपुढे घडतो. आणि मूल तेथून उठले, तरी त्याच्या बापाच्या छातीतील धूळ कोणते प्रमाणपत्र काढणार? बहिष्काराची हाक देणारे सद्हेतूचे लोक हीच चूक उलट्या बाजूने करतात. त्यांच्या त्यागाने त्यांचे मन स्वच्छ होते, बुधपुऱ्याचा मजूर मात्र उपाशी राहतो.

राजस्थान सरकारने २०१९ साली सिलिकोसिसविषयी धोरण जाहीर केले. प्रमाणित रुग्णाला ३ लाख रुपये, मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये. ही तरतूद पीडितांच्या लढ्यानेच मिळाली आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण पैसे देतो कोण? सरकारी निधी. ठोकळा विकणारा निर्यातदार आणि तो विकत घेणारा घाऊक व्यापारी या मृत्यूच्या हिशोबात कोठेच येत नाहीत. शिवाय प्रमाणपत्र मिळेपर्यंत कित्येकांना क्षयरोगी समजून वर्षानुवर्षे क्षयाची औषधे दिली जातात. मालकाच्या दृष्टीने क्षय हा सोयीचा रोग आहे, कारण क्षय कोणालाही होऊ शकतो. सिलिकोसिसला मात्र कारखाना लागतो, खाण लागते, मालक लागतो.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी काय केले? कारखान्याची व्याख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० वरून २० कामगारांवर आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी २० वरून ४० वर नेली. झोपडीपुढे दगड फोडणारे कुटुंब जुन्या व्याख्येतही बसत नव्हते; आता तर व्याख्याच त्याच्यापासून आणखी दूर गेली.

शेजारच्या भिलवाडा जिल्ह्यातील बिजोलिया याच वालुकाश्माच्या पट्ट्यात येते. तेथील शेतकऱ्यांनी जहागीरदाराच्या ८४ प्रकारच्या लागांविरुद्ध अनेक दशके लढा दिला. दगडाचा ठेकेदार आज फुप्फुसाची लाग वसूल करतो, तिची पावतीही देत नाही. मंदसौरच्या पाटी-पेन्सिल कारखान्यांत याच रोगाने कामगार मेले, तेव्हा मध्य प्रदेशात १९८२ साली त्यांच्यासाठी कल्याण निधीचा कायदा करावा लागला. म्हणजे वाट माहीत नाही असे नाही.

निर्यातीच्या बीजकावरच टनामागे उपकर बसवावा, तो निर्यातदाराने भरावा आणि त्यातून भरपाई द्यावी. दगड ओलाच फोडला जाईल अशी सामायिक, छपराखालची, पाण्याची सोय असलेली जागा खाणपट्टेधारकाच्या खर्चाने उभारावी, या मागण्या कामगार संघटनांनी धसास लावल्या पाहिजेत. पण त्यांच्याही आधी हजेरीपुस्तक. नगावर मजुरी घेणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव, तारीख आणि ठेकेदाराचे नाव ज्यात लिहिलेले आहे असे पुस्तक बुधपुऱ्यात दिसले पाहिजे. कारण वैद्यकीय मंडळापुढे खोकत उभ्या राहिलेल्या माणसाला सर्वांत अगोदर हेच विचारले जाते, की तू काम कोठे करीत होतास?