बदलापूरचं घर पावसाळ्यात बघा
लेक म्हणाली, ‘बाबा, बदलापुरात टू बीएचके आपल्या बजेटात बसतोय.’ बसतोय खरा. पण लोकलमध्ये बसायला मिळणार का? सीएसएमटी तिथून ६८ किलोमीटर, आणि सकाळच्या फास्टमध्ये आत शिरणं हीच कसरत.

सॅम्पल फ्लॅटमधलं झुंबर बघून मी हरखत नाही. मला उल्हास नदी आठवते. जुलै २०१९ च्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली, प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. हे काही ब्रोशरमध्ये छापत नाहीत. महारेराचा नोंदणी क्रमांक तपासावाच. शिवाय पाणी नळाचं की टँकरचं, ते शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारावं. तो बिल्डरपेक्षा खरं बोलतो.

लेकीला सांगितलंय, टोकन पावसाळ्यानंतरच, तेही पूररेषेचा नकाशा पाहून.