वातीतलं फिजिक्स

तर झालं असं की दिवाळीला वर्ध्याला घरी गेलो होतो. भाचा आठवीत. अंगणात फेऱ्या मारत त्याचं पाठांतर चालू होतं, "दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने लागणारं बल." एकदम तोंडपाठ! मी सहज विचारलं, "म्हणजे काय रे?" तर पठ्ठ्याने तीच व्याख्या पुन्हा म्हणून दाखवली, जरा मोठ्याने.

हसू आलं, पण हसणार कोणावर? मीही असाच इंजिनीअर झालोय. सूत्र लिहा, किमती घाला, उत्तराखाली दोन रेघा मारा. पेपर संपला की दाबही संपला.

शेजारी आई देवाच्या वाती वळत होती. तिच्याकडचा कापसाचा पुंजका घेऊन भाच्याला ओढायला सांगितला. अलगद सुटला. मग तसाच दुसरा पुंजका लांबवून घट्ट पीळ दिला. "आता ओढ." सहजासहजी तुटेना.

"काहून मामा?"

कापसाचा एकेक तंतू जेमतेम इंचभर लांब. नुसते शेजारी ठेवले तर ओढताच एकमेकांवरून घसरतात. पीळ दिला की ते एकमेकांभोवती गुंडाळले जातात. ओढलं की आत आवळतात, म्हणजे दाब वाढतो, दाबामुळे घर्षण वाढतं आणि घसरणं थांबतं. गंमत म्हणजे जितकं ओढाल तितकी पकड घट्ट! अंगावरचा शर्ट निव्वळ या घर्षणावर टिकलाय.

टकळीही तीच गोष्ट सांगते. बोटांनी एक झटका दिला की बल संपतं, गती मात्र राहते. खालची चकती काढून नुसती काडी फिरवून बघा, लगेच थांबते. चकतीचं वजन मध्यापासून दूर असतं, म्हणून तिला थांबवायला वेळ लागतो. जडत्व हा शब्द मी सोळा वर्षं वापरला, पण असा बोटांना कधी कळला नव्हता.

आणि हे सगळं आमच्याच गावात आधी सुचलेलं! २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. सात वर्षं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं शिक्षण आणि मध्यभागी हातांचं एखादं काम, असा विचार तिथून निघाला. पुढे झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम केला. नयी तालीम ती हीच.

त्यातलं सगळंच मला पटतं असं नाही. मुलांच्या कामातून शिक्षकांचा पगार निघावा ही अपेक्षा तर अजिबात नाही, त्यात पोराचा मजूर व्हायला वेळ लागत नाही. पण चरख्याबरोबर आपण त्यातलं शिकणंही माळ्यावर टाकलं. शिक्षकांना पोर्शन संपवायचा असतो, मान्य. तरी कापसाच्या जिल्ह्यात 'बल व दाब' हा धडा कापसाला हात न लावता संपावा, हे मला पटत नाही.

असो. भाच्याचा पुढचा प्रश्न आला, "पीळ अजून वाढवला तर?" वाढवला. वात वेटोळी होऊन गाठीगाठींनी गुंतली. दुसरी केली, तीही गुंतली. तिसऱ्यांदा आईने पुंजकाच काढून घेतला. "उद्या पूजेला काय लावू, तुमचा न्यूटन?"