घाटातील दिवे आणि बॅटरीचा हिशेब

भोर आणि वेल्हे या तालुक्यांचा दैनंदिन व्यवहार आज मोटारसायकलीच्या दोन चाकांवर चालतो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला, परंतु लोकांच्या तोंडी अद्याप जुने नाव आहे, म्हणून येथेही तेच वापरले आहे.) दूध संकलन केंद्रावर जाणारे कॅन, शिरवळ व खेड-शिवापूर परिसरातील कारखान्यांच्या पाळ्या, तालुक्याच्या कचेरीतील कामे आणि महाविद्यालयाचे तास या साऱ्यांसाठी मुक्कामाच्या एस.टी.वर विसंबून राहण्याचे दिवस मागे पडले. नसरापूरहून मार्गासनीमार्गे वेल्ह्याकडे किंवा भोरहून वरंध घाटाकडे संध्याकाळी नजर टाकली, तर एकट्या स्वाराचे वाहन हेच येथील खरे सार्वजनिक वाहन झाले आहे, हे ध्यानात येते.

असे वाहन पावसाळ्यातील धुक्यात, पाबे घाटाच्या एखाद्या वळणावर रात्री बंद पडते तेव्हा काय होते? चारचाकीबरोबर परावर्तक त्रिकोण येतो. दुचाकीबरोबर येत नाही. स्वाराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे चारही इंडिकेटर एकाच वेळी उघडझाप करू लागणारे धोकासूचक दिवे. आपल्याकडे बोलीत त्यांनाच ‘पार्किंग लाइट’ म्हणतात. अलीकडच्या पुष्कळ मोटारसायकलींवर त्यासाठी स्वतंत्र बटण असते. जुन्या गाड्यांवर गॅरेजवाले ते थोड्या पैशांत बसवून देतात. सोय उपयुक्त आहे, यात शंका नाही. प्रश्न तिच्या खर्चाचा आहे, आणि तो खर्च रुपयांत नसून विजेत आहे.

शंभर-सव्वाशे सीसीच्या सर्वसाधारण मोटारसायकलीची बॅटरी १२ व्होल्टची आणि तीन ते पाच अँपिअर-तास क्षमतेची असते. चार अँपिअर-तास धरले, तर तिच्यात जास्तीत जास्त ४८ वॅट-तास ऊर्जा साठते. जुन्या पद्धतीच्या इंडिकेटरमधील प्रत्येक बल्ब १० वॅटचा. चारांचे मिळून ४० वॅट झाले. दिवे सुमारे निम्मा वेळ विझलेले असतात, म्हणून सरासरी खर्च २० वॅट धरू. किल्ली चालू ठेवावी लागत असल्यास मागचा दिवा आणि समोरची यंत्रणाही आपला वाटा घेतात. कागदावरील उत्तर दोन तास येते. परंतु बॅटरीवर लिहिलेली क्षमता ही दहा तासांत सावकाश वीज काढून मोजलेली असते. तीच वीज भराभर उपसली तर हाती कमी येते. शिवाय बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल, तर तिची क्षमता मुळातच घटलेली असते. आणि स्टार्टर फिरविण्यास एका क्षणात कित्येक अँपिअरचा प्रवाह लागतो. तो देण्याइतका साठा मागे ठेवायचा, तर दिवे लावून ठेवण्याची मुदत दोन तासांवरून पाऊण तासावर, कधी त्याहूनही खाली येते. गावातून मदत घेऊन येणारा माणूस अनेकदा त्यानंतरच पोहोचतो.

पूर्वी याचे एवढे महत्त्व नव्हते. १९८५ साली हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली त्या काळात, आणि पुढेही बरीच वर्षे, बॅटरी उतरली तरी किक होती आणि उतार होता. घाटातील माणसाला उतार तर फुकट मिळे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतर बहुसंख्य मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. तिचा पंप आणि नियंत्रक दोन्ही विजेवर चालतात. अनेक गाड्यांची किकही कंपन्यांनी काढून टाकली. प्रदूषण घटले हा लाभ मोठाच. मात्र बॅटरी जी पूर्वी सोय होती ती आता अट झाली. अशा वेळी त्या अटीवरच दिव्यांचा भार टाकणे, ही रचना विचारपूर्वक केलेली वाटत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर येथे एक विचित्र विनिमय घडतो. धोकासूचक दिव्याचा लाभ केवळ लावणाऱ्यास होत नाही. मागून येणाऱ्या जीपचालकास, दूध टँकरच्या ड्रायव्हरास आणि त्यातील प्रवाशांसही होतो. खर्च मात्र एकट्याच्या बॅटरीतून जातो. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि खर्च एकाला, ती वस्तू गरजेपेक्षा कमी पुरविली जाते, हा नियम आम्ही वर्गात शिकवितो. रस्त्यावर त्याचे रूप असे दिसते की, गाडी पुन्हा सुरू होईल की नाही या भीतीने स्वार दहा मिनिटांतच दिवे बंद करतो आणि अंधारात रस्त्याच्या कडेला उभा राहतो. त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी उभा राहिलेला कोणीही बहुधा तेच करील.

या उलटचा प्रकार सुट्टीच्या दिवशी पाहावा. राजगड-तोरण्याकडे किंवा मढे घाटाकडे निघालेले तरुणांचे ताफे चालत्या गाड्यांचे चारही दिवे चमकवीत जातात. ‘माझे वाहन थांबले आहे’ हा ज्या खुणेचा अर्थ, ती धावत्या वाहनाने वापरली की खोट्या नाण्याने खरे चलनातून जाते, तसे होते. शिवाय चारही दिवे चमकत असताना स्वार डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्यास कळण्याचा मार्गच उरत नाही. मग एके रात्री खरोखर बंद पडलेली गाडी दिसली, तरी मागचा चालक ती धावतच आहे असे समजतो.

यावर एलईडी हे उत्तर सुचविले जाते आणि ते बरेचसे बरोबरही आहे. दर दिव्यास एक-दोन वॅट पुरत असल्याने तीच बॅटरी कित्येक पट अधिक वेळ टिकते. तथापि बाजारात त्याची जी गत होते ती सांगितली पाहिजे. जुन्या रिलेवर एलईडी बसविले की भार कमी पडल्याने दिवे भराभर लुकलुकू लागतात. त्यावर सोपा इलाज म्हणून मेकॅनिक एक रेझिस्टर जोडतो. म्हणजे वाचलेली वीज उष्णता करून पुन्हा जाळून टाकतो! ग्राहक समाधानाने घरी जातो, बॅटरी होती तिथेच राहते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घातला तर हा प्रश्न उद्भवत नाही. पण तो मागणारा ग्राहक त्याची माहिती असलेलाच हवा.

१ एप्रिल २०१७ पासून शासनाने दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना सतत पेटता ठेवणे सक्तीचे केले. वाहनाने दिसलेच पाहिजे हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. तेच तत्त्व थांबलेल्या वाहनास लावण्यात अडचण कोणती? बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की इंजिन सुरू करण्यापुरता साठा राखून दिव्यांची गती मंदावणारी किंवा केवळ मागची जोडी चमकविणारी यंत्रणा, आजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या युगात अवघड नाही. गाडीची किंमत वाढेल, असे उत्पादक म्हणतील. ती थोडी वाढेल. पण ज्या जिल्ह्यात चाकणला मोटारसायकली तयार होतात, त्याच जिल्ह्यातील घाटांत त्या रात्री अंधारात उभ्या राहतात, याची दखल घेणे त्यांना भाग पाडता येईल.

तोवर वीज न लागणारे उपाय अधिक विश्वासाचे. परावर्तक पट्टी मागच्या मडगार्डवर, डब्यावर, दुधाच्या कॅनवर आणि रेनकोटच्या पाठीवर लावता येते. समोरून येणाऱ्या दिव्याच्याच प्रकाशावर ती चमकते आणि रात्रभर उभी राहिली तरी उतरत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाने वरंध आणि पाबे घाटांतील कठड्यांवर व वळणांवर बसविलेले परावर्तक पावसाळ्यापूर्वी धुऊन, तुटलेले बदलून द्यावेत आणि वळणाअलीकडे गाडी ढकलून नेण्याइतकी पक्की साइडपट्टी ठेवावी. मागणी करावयाची तर भोर व वेल्ह्याच्या ग्रामसभांनी ही करावी, आणि ती मे महिन्याआधी करावी. जूनमध्ये त्या रस्त्यावर काम करणे कोणासच शक्य नसते.