गिटारवर सही कुणाची?

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे काही शब्द माझी पाठ सोडत नाहीत. ‘सही’ हा त्यातला एक. मूळ अरबी ‘सहीह’, म्हणजे खरं, बरोबर. उर्दूत आजही सही म्हणजे बरोबर. मराठीत मात्र हाच शब्द कागदाखाली लिहिलेल्या नावाला चिकटला. त्या नावाला उर्दूत म्हणतात दस्तखत. दस्त म्हणजे हात, खत म्हणजे लिखाण. एका भाषेत नावामागे खरेपणा आहे, दुसऱ्या भाषेत हात आहे. सहीला खरं तर दोन्ही लागतात.

हे आठवायचं कारण म्हणजे गिटारच्या धंद्यातली एक जुनी रीत. नामवंत वादकाशी करार करून कंपनी त्याच्या नावाची गिटार बाजारात आणते. तिला म्हणतात सिग्नेचर मॉडेल. त्यावर वादकाचं नाव किंवा सही असते आणि विक्रीतला काही हिस्सा त्याला मिळतो. गिब्सन कंपनीनं १९५२ साली लेस पॉलच्या नावाची गिटार काढली. ती आजही विकली जाते आणि लेस पॉल हे नाव आता माणसापेक्षा वाद्याचंच वाटतं.

त्याच काळात लेस पॉलच्या शेजारी त्याची पत्नी मेरी फोर्ड गिटार घेऊन उभी असायची. दोघांच्या तबकड्या एकत्र निघाल्या, दूरदर्शनवरचा कार्यक्रमही दोघांच्या नावानं चालला. मेरी नुसती गात नव्हती, नवऱ्याच्या वाजवण्याला तिथल्या तिथे उत्तर देण्याइतका तिचा हात तयार होता. गिटारवर नाव मात्र एकाचंच आलं. मेरीवर अन्याय झाला अशी आरोळी मला ठोकायची नाही. त्या काळात कुणाला तसा प्रश्नच पडला नसेल. मला म्हणायचंय ते एवढंच, की न पडलेले प्रश्नच पुढे रिवाज होऊन बसतात.

आता मेरीच्याही आधीची एक बाई पाहा. सिस्टर रोझेटा थार्प, जन्म १९१५, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला. काळी, गरीब घरातली, चर्चमध्ये भक्तिगीतं गात वाढलेली. रॉक अँड रोल हे नाव रूढ होण्याआधीच ती इलेक्ट्रिक गिटारवर ते वाजवत होती. १९६४ साली मँचेस्टरच्या एका जुन्या रेल्वे स्थानकावर तिनं पांढऱ्या गिब्सन गिटारवर वाजवलेलं चित्रण आजही पाहायला मिळतं. १९७३ मध्ये ती गेली. तिच्या हयातीत तिच्या नावाची गिटार निघाली नाही, आणि गेल्यावर कबरीवर नावाचा दगड बसायलाही तीस वर्षांहून जास्त काळ लागला.

फेंडर कंपनीची सिग्नेचर मालिका १९८८ मध्ये एरिक क्लॅप्टनपासून सुरू झाली. त्या कंपनीत स्वतःच्या नावाची गिटार मिळालेली पहिली स्त्री म्हणजे बॉनी रेट, १९९० च्या दशकाच्या मध्याला. पहिली काळी स्त्री एच.ई.आर., २०२० साली. जपानच्या आयबानेझ कंपनीनं स्टीव्ह वायसाठी १९८७ मध्ये गिटार काढली. एकल वादक म्हणून पहिल्या स्त्रीचं, नीता स्ट्रॉसचं नाव तिथे लागायला २०१८ उजाडलं. या साली क्रमानं लावून पाहा. वाजवण्यात ज्या पहिल्या होत्या, त्यांची पाळी सगळ्यांत शेवटी आली.

यावर कुणी म्हणेल, बायका वाजवतच कमी होत्या. वाजवण्याचं बाजूला ठेवू, गिटार बनवत कोण होतं ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले तेव्हा मिशिगनमधल्या कलामाझूच्या गिब्सन कारखान्यात बायका कामाला लागल्या. त्यांच्या हातून सुमारे पंचवीस हजार वाद्यं तयार झाली असं सांगितलं जातं. कंपनीच्या इतिहासात त्यांना जवळपास जागाच नव्हती. कारखान्यासमोर उभ्या असलेल्या पाऊणशे बायकांचा एक फोटो जॉन थॉमस या कायद्याच्या प्राध्यापकाच्या हाती लागला, तेव्हा कुठे त्यांनी एकेकीचा शोध घेऊन पुस्तक लिहिलं. आज त्या काळातल्या गिटारींना संग्राहक भरपूर पैसे मोजतात.

दुसरं नाव अबिगेल यबारा. १९५६ साली ती कॅलिफोर्नियातल्या फेंडर कारखान्यात लागली आणि २०१३ मध्ये निवृत्त झाली. तिचं काम पिकअप गुंडाळण्याचं. पिकअप म्हणजे तारेचं थरथरणं विजेत बदलणारा भाग: चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वेढे किती आणि किती ताणून घातले, यावर गिटारचा आवाज ठरतो. जगभरच्या पुरुष वादकांनी ज्या आवाजावर नाव कमावलं, तो या बाईच्या बोटांतून गेलेला होता. पिकअपवर ती स्वतःची आद्याक्षरं टाकायची. झाकणाखाली, कुणाला दिसणार नाहीत अशी. दस्तखत या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला तरी सांगता येणार नाही.

मग जाहिरातीत बाई नव्हती का? होती की! कमी कपड्यांत, गिटार नुसती धरून, बहुतेक वेळा वाजवता न येणारी. ‘गिटार वर्ल्ड’ मासिकाच्या वार्षिक खरेदी अंकांवर बिकिनीतल्या मॉडेल वर्षानुवर्षं झळकत राहिल्या. स्त्री गिटार आणि बास वादकांसाठी फॅबी रेना या वादक मुलीनं २०१२ च्या सुमारास पोर्टलँडमधून ‘शी श्रेड्स’ नावाचं मासिक काढलं, अशा चित्रांवर बोट ठेवलं, आणि पुढे २०१६ मध्ये ‘गिटार वर्ल्ड’नं तो प्रकार थांबवला. बाजाराला बाईचा चेहरा नेहमीच हवा होता. चेहरा भाड्यानं मिळतो. सही मागायची तर तिचा हात मान्य करावा लागतो, तिचं मत ऐकावं लागतं आणि तिला हिस्सा द्यावा लागतो. माझ्या लेखी सगळा वाद या फरकाचा आहे.

हे करार असतात कसे, तेही नीट पाहिलं पाहिजे. कारण ‘अमुक कंपनीची कलावंत’ असं वाचलं की आपल्याला वाटतं, घरी पैशांची थैली आली. बहुतेकांच्या वाट्याला तसं काही येत नाही. पहिली पायरी सवलतीची: वाद्य कमी किमतीत मिळतं. दुसरी पायरी, वाद्य फुकट किंवा वापरायला मिळतं. तिसरी पायरी सिग्नेचर मॉडेलची, जिथे प्रत्येक विक्रीमागे हिस्सा असतो. तिथवर फार थोडे पोचतात. बदल्यात मंचावर तेच वाद्य वाजवायचं, फोटो द्यायचे, व्हिडिओ करायचे, दुकानांत आणि शिबिरांत जाऊन वाजवून दाखवायचं. काही करारांत दुसऱ्या कंपनीचं वाद्य चारचौघांत हातात घ्यायलाही मनाई असते. आता त्यात समाजमाध्यमांवरच्या अनुयायांचा आकडा आला आहे. तिथे तर मुलीच्या बोटांपेक्षा तिच्या दिसण्याचा हिशेब आधी होण्याची भीती फार. म्हणजे जुनी जाहिरात नव्या दारानं परत.

तरीही सहीचा करार मला महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे वाद्याचं माप ठरतं. इलेक्ट्रिक बास १९५१ साली फेंडरनं बाजारात आणला, तेव्हा त्याच्या तारेची वाजती लांबी ठेवली ३४ इंच. तेच प्रमाण माप झालं. तीस इंची बासही मिळतात, त्यांच्यात तार सैल राहते आणि पट्ट्या जवळ येतात. पण ते बरीच वर्षं ‘शिकाऊ’ समजले गेले. भरीव लाकडाची लेस पॉल गिटार चार किलोंच्या पुढे जाते. ती दोन तास एका खांद्यावर टांगून पाहा! प्रमाण माप कुणाच्या खांद्यावरून घेतलं, हा प्रश्न शिंप्याला रोज पडतो. वाद्य बनवणाऱ्यांना पडायला उशीर झाला.

अ‍ॅनी क्लार्क, म्हणजे सेंट व्हिन्सेंट या नावानं गाणारी वादक, हिनं २०१६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीसोबत गिटार घडवली. जुन्या जड गिटारी तिला मंचावर झेपत नव्हत्या. तिनं आकार स्वतः आखला: कोनदार, मधोमध अरुंद, हलका, आणि बाईच्या छातीला टोचणार नाही असा. ही गोष्ट ती मुलाखतींत न लाजता बोलली. यात लाजण्यासारखं आहेच काय? अशी गिटार लहान चणीच्या पुरुषालाही सोयीची पडते. एका बाईनं आपलं माप सांगितलं आणि बाजारात एक माप वाढलं, एवढाच त्याचा अर्थ.

पण याच वाटेवर एक खड्डा आहे. ‘बायकांसाठी’ म्हटलं की लहान, गुलाबी, फुलाफुलांचं असं समीकरण तयार असतं. टिश सिराव्होलो या स्वतः बास वाजवणाऱ्या बाईनं २००० साली डेझी रॉक ही मुलींसाठी गिटार बनवणारी कंपनी काढली. फुलाच्या आकाराची गिटार, बारीक गळा. छोट्या मुलींना ती आवडली, त्यातून कित्येकींनी तार छेडली. त्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र फूल हाच मुलीचा साचा ठरला तर तोही जुन्या मापाइतकाच जाचक.

कॅरोल के हिचं उदाहरण म्हणूनच हाताशी असावं. १९३५ चा जन्म. १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये एका ध्वनिमुद्रणाला बासवाला आला नाही म्हणून गिटार वाजवणाऱ्या कॅरोलनं बास उचलला, आणि पुढे हजारो गाण्यांत ती वाजली. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’मध्ये ती आहे. बराच काळ ती वाजवत होती तो पूर्ण मापाचा, कुणा बाईसाठी न बनवलेला फेंडर बास. तबकडीच्या वेष्टनावर तेव्हा स्टुडिओतल्या वादकांची नावं छापत नसत, त्यामुळे ऐकणाऱ्यांना पुरुषच वाजवतोय असं वाटे. पुढे तिनं बास शिकवण्याची पुस्तकं लिहिली, विद्यार्थी घडवले. तिला लहान वाद्य नको होतं, नाव हवं होतं. प्रत्येकीची गरज वेगळी असते, म्हणून आधी तिला विचारावं लागतं.

आणखी एक आक्षेप येतो: कला ती कला, कंपनीच्या शिक्क्याची तिला गरज काय? तत्त्व म्हणून मान्य. व्यवहार असा, की ‘रोलिंग स्टोन’नं २००३ मध्ये शंभर थोर गिटारवादकांची यादी केली तेव्हा त्यात दोनच स्त्रिया होत्या, जोनी मिचेल आणि जोन जेट. आणि २०१८ मध्ये फेंडरनंच अमेरिका-ब्रिटनमध्ये करवून घेतलेल्या पाहणीत गिटार नव्यानं हाती घेणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया निघाल्या. कंपन्यांना जाग आली ती या निम्म्या गिऱ्हाइकांमुळे, हे उघड आहे. असू दे. व्यापाऱ्याच्या हेतूची चौकशी करत बसण्यापेक्षा करारातून काय मिळवता येतं ते पाहावं. बॉनी रेटनं आपल्या गिटारच्या हिश्श्याचे पैसे गरीब वस्त्यांतल्या मुलांना गिटार शिकवण्याच्या कामी लावले. सही तिची, तर तिच्या पैशाची दिशाही तिची.

आपल्याकडे पाहायचं तर मुंबईची मोहिनी डे आहे. वडील बासवादक, लहानपणापासून त्यांच्याकडे शिक्षण, पुढे झाकिर हुसेन, ए. आर. रहमान यांच्यासोबत वादन. परदेशी वाद्य-कंपन्यांच्या कलावंतांत तिचं नाव आहे. मात्र शाळांच्या स्नेहसंमेलनांत मला आजही दिसतं ते असं: मुली माइकसमोर, मुलं वाद्यांवर. गोड गळा मुलीचा आणि यंत्र मुलाचं, ही वाटणी कुणी फळ्यावर लिहिलेली नसते, तरी सगळ्यांना पाठ असते.

आमच्या समाजात वाटणीआधी परवानगीचा प्रश्न येतो. काश्मीरमधल्या तीन शाळकरी मुलींचा ‘प्रगाश’ हा बँड २०१२ च्या अखेरीस एका स्पर्धेत चमकला. काही आठवड्यांत धमक्या आल्या, तिथल्या मुफ्तींनी गाणं-वाजवणं इस्लामविरोधी ठरवलं, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत मुलींनी वाद्यं खाली ठेवली. प्रगाश म्हणजे उजेड. संगीताबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत, शतकानुशतकं आहेत; पण पोरींना धमकावण्याच्या बाजूनं बोलायला कुठलाच युक्तिवाद नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, इंडोनेशियात पश्चिम जावातल्या गारुत भागात एका मदरशातल्या तीन हिजाबी मुलींनी ‘व्हॉइस ऑफ बासेप्रोत’ हा मेटल बँड सुरू केला. त्यांना वाद्यं शिकवली ती त्यांच्याच शाळेतल्या एका शिक्षकानं. विरोध त्यांनाही झाला. पण मार्स्याची गिटार, विदीचा बास आणि सितीचे ड्रम थांबले नाहीत. २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवणारा तो पहिला इंडोनेशियन बँड ठरला. दोन्हीकडच्या मुलींच्या अंगच्या गुणांत मला फार फरक दिसत नाही. फरक पाठीशी कोण उभं राहिलं याचा आहे, आणि एक शिक्षिका म्हणून तो मला टोचतो.

तेव्हा पालकांना आणि माझ्यासारख्या शिक्षकांना सांगणं इतकंच: मुलीनं गिटार किंवा बास मागितला तर दुकानात तिला सोबत न्या. वाद्य तिच्या खांद्याला लावून पाहू द्या, रंग नंतर बघा. उद्या ती चांगली वाजवू लागली आणि एखादी कंपनी करार घेऊन दारात आली, तर हुरळून जाण्याआधी कागद पूर्ण वाचायला शिकवा. मुदत किती, दुसरं वाद्य वाजवायची मोकळीक आहे का, फोटो कोण आणि कसे वापरणार, विक्रीतला हिस्सा किती, हे विचारायला शिकवा. आमच्या मुलींना सही करायला आम्ही पहिलीपासून शिकवतो. कशाखाली करायची आणि कशाखाली नाही, हे शिकवायचं अजून बाकी आहे.