गृहव्यवस्था : जुनी कातडी पिशवी आणि तिची निगा

कातडी वस्तू जुनी झाली म्हणजे आमच्या घरांतून तिला दोनच वाटा मोकळ्या राहतात : एक माळ्याची, दुसरी उकिरड्याची. आजोबांचे कचेरीत नेण्याचे पाकीट, आत्याबाईंनी मुंबईहून आणलेली हातपिशवी, थोरल्या काकांची प्रवासी बॅग, या वस्तू कोणी टाकीत नाही आणि कोणी वापरीतही नाही. चार पावसाळे गेल्यावर त्या बुरशीने पांढऱ्या झालेल्या हाती लागतात व नाक मुरडून बाहेर टाकल्या जातात. दुसऱ्या बाजूने, शिकावयास गेलेल्या मुली पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोर बाजारातून किंवा मोबाइलवरील विक्रीतून वापरलेल्या चांगल्या पिशव्या थोडक्या पैशांत घेऊन येतात, आणि ‘परक्याची वापरलेली वस्तू’ म्हणून त्या उंबरठ्यावरच अडवल्या जातात. या खेपेस आम्ही माळ्यावरच्या व उंबरठ्यावरच्या अशा दोन्ही पिशव्यांसाठी लिहीत आहोत.

प्रथम विटाळाचा प्रश्न निकालात काढलेला बरा. कारण हात लावावयाचाच नसेल तर पुढील सूचना व्यर्थ होत. मुंजीत बटूस मृगाजिन लागते. कीर्तनात पखवाजाची पुडी कातड्याची असते. विजेचे पंप येईपर्यंत आमच्या पाथरीच्या आसपास मळ्यांना पाणी मिळे ते कातड्याच्या मोटेतून, आणि तेल-तूप कातडी बुधल्यांतून बाजारात येत असे. अर्थात् कातडे आमच्या आयुष्यात सदैव होते. ते कमावणारे हात तेवढे आम्ही गावाबाहेर ठेविले होते. ही गोष्ट ज्यांना बोचली त्यांनी केवळ व्याख्याने दिली नाहीत. वर्ध्याजवळ नालवाडीस १९३० नंतरच्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांच्या कातड्यांवर चालणारे चर्मालय चालविले. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमाचे अप्पा पटवर्धन यांनी ब्राह्मण कुळात जन्मूनही हेच काम आपले मानले. त्यांच्या मानाने स्वतःचे पाकीट स्वतः पुसणे हे अगदीच किरकोळ कार्य होय. पण ते करू लागलेल्या माणसास चांभाराच्या कामाची किंमत कळू लागते, हा त्याचा लाभ लहान नाही.

आता वस्तूकडे वळू. कच्चे कातडे कुजते. कमावलेले कुजत नाही. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना जाऊन बिलगते व त्यांस टिकाऊ करते. ही आपल्याकडील जुनी रीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत अमेरिकेत व्यापारी प्रमाणावर आली, विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ती मद्रासेस रुजविली, आणि आज बाजारातील बहुतेक मऊ पिशव्या याच रीतीच्या असतात. दोन्हींत तंतूंच्या मधोमध थोडा स्निग्धांश ठेवलेला असतो. तो आहे तोवर कातडे वाकते. तो गेला की तडकते.

आमच्या पाथरीच्या हवेत या स्निग्धांशाची दुहेरी परीक्षा होते. वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो व कोरड्या झळा कातड्यास शोषून घेतात. मागोमाग मृगापासून भाद्रपदापर्यंत दमट हवा येते, आणि बंद पेटीतील त्याच कातड्यावर बुरशी चढते. ज्येष्ठ लागण्यापूर्वी एकदा व दिवाळीच्या साफसफाईत एकदा अशी वर्षातून दोन वेळा निगा घेतली तर पुरे होते.

हात घालण्यापूर्वी वस्तू ओळखावी. कापलेल्या कडेकडे पहावे : तेथे विस्कटलेले तंतू दिसले तर कातडे, वर पातळ पापुद्रा व खाली विणलेले कापड दिसले तर ते रेक्झिन किंवा तत्सम कृत्रिम द्रव्य. अशा वस्तूचा पापुद्रा एकदा सोलपटू लागला की त्यावर कोणताही उपाय चालत नाही. जुनी पिशवी विकत घेताना ही परीक्षा आधीच करावी. कातडे ठरल्यावर तळाशी, न दिसणाऱ्या जागी, पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब तसाच उभा राहिला तर वर रंगाचा लेप आहे. तो मुरून डाग काळवंडला तर कातडे उघडे आहे व त्यास फार जपले पाहिजे. मखमलीसारखी लव असलेल्या कातड्यास पाणी व तेल दोन्ही वर्ज्य. ते कोरड्या मऊ ब्रशाने एकाच दिशेने झाडावे, इतकेच.

स्वच्छतेचा आरंभ आतून करावा. पिशवी पूर्ण रिकामी करून अस्तर बाहेर ओढावे व कोपऱ्यांतील कचरा ब्रशाने काढावा. वापरलेल्या वस्तूविषयी जी किळस वाटते ती बहुधा अस्तराचीच असते, आणि अस्तर हे कापड असल्यामुळे साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने ते निर्मळ होते. मात्र पाणी कातड्यापर्यंत झिरपू देऊ नये. कुबट वास असेल तर खाण्याचा सोडा किंवा लोणारी कोळशाचे तुकडे पातळ फडक्यात बांधून पिशवीत ठेवावेत व तीन-चार दिवस ती सावलीत उघडी राहू द्यावी. अत्तर शिंपडून वास झाकू नये. दोन वास एकत्र होऊन तिसरा अधिक वाईट होतो.

बुरशी असेल तर वस्तू अंगणात न्यावी, नाकावर फडके बांधावे व कोरड्या ब्रशाने ती झाडावी. घरात दम्याचे माणूस असेल तर त्याने हे काम करू नये. वर लेप असलेल्या कातड्यावर, लपलेल्या जागी परीक्षा करून, औषधांच्या दुकानी मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल समभाग पाण्यात मिसळून त्यात किंचित ओलावलेले फडके फिरवावे. उघड्या कातड्यास हे लावू नये, रंग निघतो. नंतर वस्तू वाऱ्यावर वाळवावी. येथे आमच्या घरांतील एक चांगली सवयच घात करते : पापड-कुरडयांप्रमाणे पिशवीही उन्हात टाकली जाते. ओले कच्चे कातडे सुमारे ६० ते ६५ अंश उष्णतेस आक्रसते; कमावलेले त्याहून अधिक सोसते खरे, परंतु वैशाखातील तापलेल्या गच्चीवर त्याची परीक्षा पाहण्याचे कारण नाही. ऊन रंग उडविते व स्निग्धांश ओढून घेते. सावली व वारा हीच दोन औषधे होत.

बाहेरील मळ काढताना कपड्यांचा साबण व धुण्याचा सोडा कटाक्षाने दूर ठेवावा. कमावलेले कातडे स्वभावतः किंचित आम्ल असते. सोड्याचा क्षार त्यास लागला की आतील बांधणी सैल पडते व रंगही बिघडतो. त्यापेक्षा रिठ्याचे पाणी कितीतरी सौम्य. दोन रिठे रात्री भिजवून सकाळी घुसळावेत, पाणी सोडून केवळ फेस मऊ सुती फडक्यावर घ्यावा व एकेक भाग पुसत जावे. लगेच स्वच्छ पाण्यात घट्ट पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने फेस टिपावा. पाण्याचा वर्तुळाकार डाग पडलेला असेल तर फक्त डाग घासू नये. तो सबंध भाग, शिवणीपासून शिवणीपर्यंत, सारखा ओलसर करून सावकाश वाळू द्यावा, म्हणजे कड मिसळून जाते. तेलाच्या डागावर शंखजिऱ्याची पूड रात्रभर ठेवून सकाळी झाडावी. शाईचा डाग मात्र आहे तसा राहू द्यावा. तो काढण्याच्या नादात शाईआधी कातड्याचा रंग निघतो.

मग प्रश्न तेलाचा. खोबरेल हाताशी असते म्हणून ते चोपडण्याची चाल सर्वत्र आहे. पण सुमारे २४ अंशांखाली ते थिजते, आणि पौषातील थंडीत कातड्यावर पांढरा थर दिसू लागला की नवी बुरशी आली असे वाटून पुन्हा घासाघीस सुरू होते. जवसाचे तेल वाळून कडक होते, ते तर मुळीच नको. परदेशी पुस्तकांतून गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल सांगितलेले असते. ते ज्या घरांस चालणार नाही त्यांची एरंडेलावर उत्तम सोय होते. एरंडेल थिजत नाही, वाळून कडक होत नाही, आणि जुन्या लोकांनी ते जोड्यांवर पूर्वीपासून वापरलेले आहे. एक भाग शुद्ध मधमाश्यांचे मेण व चार भाग एरंडेल गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवून ढवळीत गार केले म्हणजे मलम तयार होते. विस्तवावर थेट ठेवू नये, पेट घेण्याचे भय असते.

हे मलम उघड्या, कोरड्या पडलेल्या कातड्यासाठी आहे. पाकिटास वाटाण्याएवढे पुरते. फडक्यावर घेऊन, हाताच्या उबेने पसरवून, ते पातळ लावावे, एक दिवस मुरू द्यावे, उरलेले पुसून काढावे, आणि गरज वाटली तरच दुसरा हात द्यावा. रंग किंचित गडद होणारच. म्हणून आधी तळाशी लावून पाहावे. अधिक तेल म्हणजे अधिक निगा ही समजूत खोटी आहे : तेलकट कातडे धूळ धरते, ढिले पडते व त्यास खवट वास येतो. लेप असलेल्या कातड्यात तेल शिरतच नाही. त्यास बिनरंगी पॉलिशचा पातळ हात व कोरड्या फडक्याची चकाकी पुरेशी आहे.

पितळी कड्यांभोवती हिरवट मेणचट थर दिसतो तो कातड्यातील स्निग्धांश व तांबे यांच्या संयोगाने होतो. कोरड्या फडक्याने व लाकडी काडीने तो निघतो. चिंच-मिठाने कडी घासावयाची तर खाली कागद धरावा, कातड्यास चिंच लागू देऊ नये. साखळी अडकत असेल तर दातांवर मेणबत्ती फिरवावी. शिवण उसवली असेल तर जुन्याच भोकांतून, मेण लावलेल्या जाड सुती दोऱ्याने, दोन्ही टोकांस सुई ओवून समोरासमोर टाके घ्यावेत. नवे भोक पाडू नये. कातड्यास पडलेले भोक कापडाप्रमाणे मिटत नाही.

येथे घरच्या हाताची मर्यादा येते. पट्टा तुटला, कड उलगडली, कडी निखळली, तर वस्तू गावातील कारागिराकडे न्यावी. रापी व आरी त्याच्याच हातास शोभतात. त्याच्याशी दोन-पाच रुपयांची घासाघीस करू नये. नवी पिशवी घेताना दुकानात ज्या किंमती आपण मुकाट्याने देतो त्यांच्यापुढे त्याची मजुरी काहीच नसते, आणि त्याचे दुकान उठले तर अशी दुरुस्ती करणारा दुसरा मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे.

एक रोग मात्र असाध्य आहे. फार जुन्या, झाडपाल्याने कमावलेल्या कातड्याची कधी कधी तांबूस भुकटी होऊ लागते व बोटांस लाल रंग लागतो. ही आतील तंतूंचीच झीज होय. तेल लावल्याने ती थांबत नाही, उलट कातडे काळे पडून चुरते. आजोबांचे पाकीट या अवस्थेत असेल तर त्यास पुन्हा खिशात जाण्याचा आग्रह धरू नये. आतील कागद काढून घ्यावेत, पाकीट स्वच्छ पांढऱ्या कागदात सैल गुंडाळावे व कपाटात आडवे ठेवावे. कोणती वस्तू वापरावयाची व कोणती नुसती जपावयाची, हे ओळखणे हाही निगेचाच भाग आहे.

बाकीच्या वस्तू साठविताना प्लास्टिकची पिशवी टाळावी. आत ओल कोंडते. जुन्या धोतराच्या किंवा सुती पातळाच्या पिशवीत, आत कागदाचे बोळे भरून, भिंतीपासून थोड्या दूर त्या ठेवाव्यात. छापील वर्तमानपत्र आतल्या फिक्या अस्तरास शाई लावते, कोरा कागद घ्यावा. महिन्यातून एकदा तास-दोन तास उघड्यावर ठेवल्या म्हणजे बुरशी धरत नाही. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे वस्तू वापरणे. हाताळलेले कातडे पेटीतल्या कातड्याहून अधिक टिकते.

अहिंसेचा विचार मानणाऱ्या घरांस आम्ही इतकेच सुचवू की, नवी कातडी पिशवी घेण्याने नव्या कातड्याची मागणी वाढते; जुनी सुधारून वापरल्याने ती वाढत नाही. जे जनावर केव्हाच गेले त्याचे कातडे उकिरड्यावर कुजविण्यात कोणतेच पुण्य नाही. तेव्हा सूनबाईंनी जुन्या बाजारातून पिशवी आणली तर तिला उंबरठ्यावर न अडविता सासूबाईंनी दोन रिठे भिजत घालावेत, आणि माळ्यावरचे पाकीटही त्याच दिवशी खाली काढावे. एका वाटीभर फेसात दोन्ही कामे होतात.